ट्रॅक्टरचा पार्ट घेण्याआधी: आमच्या गिऱ्हाईकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

सांवेर रोडवरच्या आमच्या दुकानात ट्रॅक्टर आणि अवजारांचे सुटे भाग मिळतात आणि मागच्या शेडमध्ये दुरुस्ती होते. हिंदी पत्रक काउंटरवर ठेवलेलंच आहे. हे मराठीतलं पत्रक देपालपूर, महू, हातोदकडे पिढ्यान्‌पिढ्या जमिनी असलेल्या इंदूरच्या मराठी घरांसाठी, आणि बऱ्हाणपूर-रावेरच्या केळीपट्ट्यातून इकडे येणाऱ्या मंडळींसाठी काढलं आहे.

काउंटरवर तीन तक्रारी सारख्या कानावर येतात. एवढासा भाग सुटा मिळत नाही, अख्खी असेंब्ली, म्हणजे जोडलेला पूर्ण संच, घ्या म्हणतात. पार्ट डेपोतून यायचा आहे, थांबा म्हणतात. आणि भाव विचारला तर आधी ट्रॅक्टर सोडून जा म्हणतात. यातला राग आम्हाला पुरता समजतो. आपल्या माळव्यात सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीन निघतं आणि पाठोपाठ हरभरा, लसूण, गहू यांची घाई सुरू होते. काळ्या जमिनीचा वाफसा कुणासाठी थांबत नाही. त्या दिवसांत ट्रॅक्टर दारात उभा राहिला, की भाड्याचा ट्रॅक्टर, मजुरांचा खाडा आणि उशिरा झालेली पेरणी मिळून पार्टच्या किमतीच्या कितीतरी वर खर्च जातो. म्हणूनच माणूस समोरचा मागेल तेवढे पैसे देऊन मोकळा होतो. ती वेळ येऊ नये म्हणून काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात.

पार्ट महाग का पडतो

ट्रॅक्टर कंपनी ट्रॅक्टरमधला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. बेअरिंग, ऑइल सील, फिल्टर, क्लच प्लेट, डिझेल पंप, बॅटरी, टायर हे बहुतेक वेळा त्या त्या वस्तूच्या कारखानदाराकडून येतं. तोच कारखानदार पुष्कळदा तीच वस्तू स्वतःच्या नावाच्या डब्यात खुल्या बाजारातही विकतो. ट्रॅक्टर कंपनीच्या डब्यात आली की तिच्यावर कंपनीचा, डेपोचा आणि डीलरचा खर्च चढतो. हा सगळा खर्च खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. चार वर्षांत एकदा मागितला जाणारा गिअर कुणीतरी पैसे गुंतवून फळीवर ठेवतो, म्हणूनच तो मिळतो. पण रोज खपणाऱ्या सीलचा भाव त्या गिअरच्या हिशेबाने लावला जातो, तेव्हा शेतकऱ्याने प्रश्न विचारायलाच हवा.

बाजारात एकाच पार्टचे साधारण तीन प्रकार भेटतात. पहिला, ट्रॅक्टर कंपनीच्या डब्यातला. दुसरा, मूळ कारखानदाराच्या किंवा दुसऱ्या चांगल्या कारखान्याच्या स्वतःच्या डब्यातला. लुधियाना, राजकोट या गावांनी यात नाव कमावलं आहे. तिसरा, नकली, म्हणजे दुसऱ्याचं नाव छापून विकलेला माल. अनेक शोरूममध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. स्वतःचं नाव, पत्ता आणि किंमत छापून विकलेला माल बरा-वाईट असू शकतो, पण तो नकली नसतो. एचएमटी या सरकारी कंपनीचंच पाहा. पिंजोरचा त्यांचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, तरी त्या ट्रॅक्टरवर अजून शेती होते, ती या दुसऱ्या प्रकारच्या कारखान्यांच्या जिवावर.

नंबर वाचायला शिका

हा या पत्रकातला सगळ्यात कामाचा भाग आहे. तुमच्या रोटाव्हेटरमधून निघालेलं बेअरिंग फडक्याने पुसा आणि कडेवरचा नंबर वाचा. समजा, ६२०७ आहे. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक किती मिलिमीटरचं ते कळतं: ०७ म्हणजे ३५. बाहेरचा व्यास ७२ आणि जाडी १७. जगात कुठेही ६२०७ घेतलं तरी मापं हीच. पुढे ‘२ आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण, ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याचं. ‘सी३’ असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. तिथे साधं बेअरिंग बसवलं तर ते गरम होऊन अडकू शकतं. एवढं वाचता आलं, की कंपनीच्या डब्यावरचा लांबलचक नंबर नसला तरी तुमचं काम अडत नाही.

ऑइल सीलवर ३५-५२-१० असे आकडे असतात: शाफ्ट, बाहेरची बैठक आणि जाडी. माप जुळलं तरी सील उलटवून आतली ओठाची कड पाहा. चिखलात चालणाऱ्या रोटाव्हेटरला दुहेरी ओठाचा सील लागतो, एक तेल आत धरायला आणि दुसरा माती बाहेर ठेवायला. एकेरी ओठाचा सील स्वस्त मिळतो आणि बसतोही छान, पण माती आत शिरून बेअरिंग खाते. थ्रेशरच्या पट्ट्यावर ‘बी ६८’ लिहिलेलं असेल तर ‘बी’ म्हणजे वरची रुंदी १७ मिलिमीटर आणि ६८ म्हणजे आतली लांबी इंचांत. पुलीवर तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. एकच नवा टाकला तर सगळा भार त्या एकट्यावर येतो.

सगळ्याच भागांना असे सर्वमान्य नंबर नसतात. गिअर, शाफ्ट, अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे आतले भाग कंपनीगणिक वेगळे असतात आणि एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक बदलतातही. म्हणून मॉडेलच्या नावावर पार्ट मागू नका. चासी नंबर, इंजिन नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष असलेल्या प्लेटचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा.

असेंब्ली सांगितली तर काय करावं

गेल्या रब्बीच्या तोंडावर देपालपूरकडचे एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. कल्टिव्हेटर उचलला जायचा, पण इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसायचा. त्यांना एका ठिकाणी हायड्रॉलिक पंपाची पूर्ण असेंब्ली बदलायला सांगितली होती. आता यात विचार एवढाच करायचा: इंजिन बंद झाल्यावर पंप फिरतच नाही. मग वर उचललेलं अवजार खाली येतं ते कोंडलेलं तेल कुठून तरी निसटतं म्हणून. उचलताना ओढ पडत असेल, वेळ लागत असेल किंवा लिफ्ट मुळीच उठत नसेल तेव्हा आधी तेलाची पातळी आणि गाळणी पाहावी, मग पंपावर संशय घ्यावा. काकांचा ट्रॅक्टर व्यवस्थित उचलत होता. लिफ्टचं झाकण उघडलं तर पिस्टनवरची ओ-रिंग एका जागी चपटी होऊन चिरली होती. रिंग, तिच्यामागची बॅकअप रिंग, झाकणाचं पॅकिंग आणि नवं तेल एवढ्यावर काम झालं. पंप जिथल्या तिथे राहिला.

दर वेळी असं स्वस्तात सुटतं असा दावा आम्ही करत नाही. सिलिंडरच्या भिंतीला चर पडला असेल तर नवी रिंगही टिकत नाही, आणि व्हॉल्व्ह गळत असेल तर इलाज वेगळा. पण असेंब्ली बदला म्हणणाऱ्याला दोन गोष्टी शांतपणे विचारा: आतला नेमका कोणता भाग गेला आहे, आणि तो काढून दाखवाल का? ज्याने तपासलं आहे तो दाखवतो.

पैसे कुठे वाचवू नयेत

ब्रेक लायनिंग, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, इंजिनची ताकद अवजाराला पोचवणारा पीटीओ शाफ्ट आणि त्यावरचं संरक्षक कव्हर, डिझेल फिल्टर, ऑइल फिल्टर यांत स्वस्ताईच्या मागे लागू नका. ट्रॉलीत सोयाबीनची पोती भरून मंडीच्या रस्त्याला लागल्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग हा सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. नकली डिझेल फिल्टरचा कागद आत नीट चिकटवलेला नसेल तर कचरा गाळण न होता थेट पंपात आणि नोझलमध्ये जातो.

आणि शिअर बोल्ट. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टवरचा हा बोल्ट तुटण्यासाठीच बनवलेला असतो. पात्यात दगड किंवा मूळ अडकलं की तो तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. तो सारखा तुटतो म्हणून त्याजागी कडक हाय-टेन्साइल बोल्ट ठोकलेले शाफ्ट आमच्याकडे येतात, आणि त्यांच्यासोबत दात उडालेले गिअरही येतात. अवजाराच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचाच बोल्ट वापरा आणि चार जास्तीचे टूल बॉक्समध्ये ठेवा. सारखा तुटत असेल तर अवजार फार खोल लागतंय का ते पाहा.

डीलरकडेच कधी जावं

वॉरंटी चालू आहे तोवर डीलरकडेच जा. सर्व्हिस तासांप्रमाणे करून घ्या, कूपनवर शिक्का घ्या, जॉब कार्डची प्रत मागून घ्या. आमच्याकडे वॉरंटीतला ट्रॅक्टर आला तर इंजिन किंवा गिअर बॉक्स आम्ही उघडत नाही. तुमचा हक्क आमच्या हाताने बुडू नये.

दुसरं कारण नव्या इंजिनांचं. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले. त्यामुळे त्यांत कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी व्यवस्था), सेन्सर आणि संगणकी कंट्रोल युनिट आलं. त्यातले काही दोष कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता किंवा पुसता येत नाहीत, आणि ते सॉफ्टवेअर आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपना सहजी मिळत नाही. हे बदलायला हवं असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे: कारखानदाराने पार्ट, दुरुस्तीची हत्यारं, सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तकं शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मिस्त्रीला द्यायची. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच विषयावर समिती नेमली आणि त्यात शेतीची उपकरणं पहिल्या काही क्षेत्रांत घेतली. ‘राइट टु रिपेअर’ नावाचं सरकारी पोर्टलही निघालं, पण कोलोरॅडोसारखं बंधन आपल्याकडे अजून नाही. मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून २५४४ कोटींवर दंड ठोठावला होता, कारण त्यांनी सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ दिली नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण ट्रॅक्टरच्या मालकांनी मागावं ते नेमकं हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळावीत.

नवा ट्रॅक्टर घेणार असाल तर आपल्याच राज्यातल्या बुदनीच्या केंद्रीय शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा चाचणी अहवाल वाचा. चाचणीत काय मोडलं, काय झिजलं ते त्यात लिहिलेलं असतं.

बिल आणि तक्रार

पॅकबंद पार्टवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सर्व करांसह किंमत छापलेली असायला हवी. त्या किमतीवर वेगळा जीएसटी लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि बऱ्याच पार्टवरचा १८ वरून ५ वर. सगळे पार्ट त्या यादीत नाहीत, म्हणून बिलावर प्रत्येक वस्तूपुढचा दर पाहा.

शेतकरी ग्राहक नाही, तो धंद्यासाठी यंत्र घेतो, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठीची धरली जात नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. या सगळ्याला पक्कं बिल लागतं. कच्च्या चिठ्ठीवर दोन पैसे वाचतात आणि हक्क हातचा जातो.

आमच्याकडे पार्टचा भाव ट्रॅक्टर उघडण्याआधी सांगितला जातो. पार्ट कोणत्या कारखान्याचा ते बिलावर लिहिलेलं असतं. जुना भाग पिशवीत घालून तुम्हाला परत मिळतो. तो नको असेल तरच आम्ही ठेवतो.

खरिपाची तपासणी मे महिन्यात आणि रब्बीची सोयाबीन कापणीला येण्याआधी करून घ्या, म्हणजे बाहेरून मागवावा लागणारा पार्ट वेळेत येतो. काढणीच्या दिवसांत काउंटर सकाळी सातला उघडतं. जुना भाग आणताना फडक्याने पुसून आणा, पॉलिश पेपरने घासू नका, कारण घासताना नंबर जातो.