पानिस आंजेलिकुस : सॅक्सोफोन-पियानो रूपांतर

सेझार फ्रांक (१८२२–१८९०) याच्या ‘पानिस आंजेलिकुस’ म्हणजे ‘देवदूतांची भाकर’ या लॅटिन भक्तिगीताचे एकल सॅक्सोफोन आणि पियानोसाठी केलेले रूपांतर. शब्द तेराव्या शतकातले, संत थॉमस अक्वायनसच्या स्तोत्रातले. फ्रांकने १८७२ मध्ये टेनर गायक, ऑर्गन, हार्प, चेलो आणि डबल बाससाठी त्यांना चाल लावली आणि आपल्या आधीच्या मिस्सा-रचनेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या संगीतात, ती घातली.

सॅक्सोफोनचे पेटंट त्याचा निर्माता अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्येच घेतले होते, पण या गीतात ते वाद्य नाही. गंमत अशी की दोघेही बेल्जियममधल्या म्यूझ नदीकाठचे, सॅक्स दिनां गावचा आणि फ्रांक लिएजचा, आणि दोघेही पॅरिसला स्थायिक झालेले. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीतला, म्हणजे संगीतशाळेतला, सॅक्सचा सॅक्सोफोनचा वर्ग १८७० मध्ये बंद पडला. फ्रांक तिथे ऑर्गन शिकवायला आला १८७२ मध्ये.

पहिला प्रश्न पट्टीचा. मूळ गीत ए मेजरमध्ये, आपल्या भाषेत पांढरी सहा. आल्टो सॅक्सोफोन लिहिल्यापेक्षा मोठ्या सहाव्या स्वराइतका खाली बोलतो, म्हणून वादकाच्या कागदावर काळी तीन आणि सहा शार्प (चढवलेले स्वर) येतात. पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून काळी चार धरली, की कागदावर पांढरी चार आणि एकच फ्लॅट (उतरवलेला स्वर) उरतो. हौशी वादकासाठी हेच बरे.

खरी कसोटी मात्र पियानोची. ऑर्गनचा स्वर बोट दाबून ठेवले तोवर टिकतो, पियानोचा वाजल्या क्षणापासून विरू लागतो. म्हणून लांब सुरांखाली हार्पचे सुटे स्वर आणि नाद टिकवणारे पेडल हवेच. चाल दुसऱ्यांदा येते तेव्हा गायकाच्या पाठोपाठ चेलो तीच चाल म्हणतो. ही पाठलागाची ओळ पियानोच्या मधल्या सप्तकात ठळक ठेवावी लागते. करंगळी बासवर, अंगठे या चालीवर आणि उरलेली बोटे हार्पवर. ती ओळ गाळून नुसते कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) देणारी सोपी रूपांतरे गीताचा प्राणच काढून घेतात.

सॅक्सोफोनकडे शब्द नाहीत. त्यामुळे श्वास लॅटिन ओळीच्या शेवटी घ्यावा आणि वाद्याच्या पत्तीला जीभ शब्दाच्या सुरुवातीलाच, तीही हलकी लावावी. ‘पाउपेर’, म्हणजे ‘गरीब’, हा शब्द फ्रांक पुन्हा म्हणायला लावतो. गायकाला तिथे अर्थ हाताशी असतो. वादकाने दोन्ही वेळा सारख्याच जोराने फुंकले तर ऐकणाऱ्याला ती नुसती पुनरुक्ती वाटते.