अडलेला धक्का

मोठा तारा आयुष्याच्या शेवटी स्वतःच्या वजनाखाली आत कोसळतो, हे समजायला सोपे आहे. मात्र आत कोसळणारा तारा बाहेर का फुटतो, हे कोडे शास्त्रज्ञांना अनेक दशके छळत आले आहे.

सूर्याच्या सुमारे आठपटीहून जड असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजन लाखो वर्षे पुरतो, पण शेवटचे इंधन असलेले सिलिकॉन काही दिवसांतच संपते आणि मागे लोखंडाचा गाभा उरतो. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या १.४ पटीच्या आसपास, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेपाशी पोहोचले की इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला पेलू शकत नाही, आणि काही हजार किलोमीटर रुंदीचा तो गाभा एका सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरांपर्यंत आक्रसतो. अणुकेंद्रातल्याइतकी घनता आल्यावर द्रव्य आणखी दाबले जाईनासे होते, गाभा उसळी घेतो आणि एक आघात-तरंग बाहेर निघतो.

पूर्वी वाटे की हा तरंगच ताऱ्याच्या चिंधड्या उडवत असेल. प्रत्यक्षात, वाटेतल्या लोखंडाची अणुकेंद्रे फोडण्यात त्याची ताकद खर्ची पडते आणि केंद्रापासून शे-दीडशे किलोमीटरांवरच तो अडतो. माझ्या मते साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत विलक्षण क्षण हाच, कारण ताऱ्याचे भवितव्य इथे ठरते. कोसळण्यातून निर्माण झालेली जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्याशी क्वचितच टक्कर होणारे अतिसूक्ष्म कण, घेऊन जातात. एरवी हे कण पृथ्वीतून आरपार जातात, पण इथे द्रव्य इतके दाट असते की त्यांतले थोडे शोषले जातात. तेवढ्यानेच तरंगामागचे द्रव्य तापून खळखळू लागते आणि अडलेला तरंग पुन्हा रेटला जातो. तो ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला काही तास लागतात, आणि तोवर बाहेरून तारा जसाच्या तसा दिसत असतो.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी याचा पुरावा मिळाला. जपानमध्ये कामिओका येथील खाणीत, जमिनीखाली सुमारे एक किलोमीटर खोल असलेल्या पाण्याच्या टाकीत १३ सेकंदांत प्रकाशाचे ११ क्षीण झोत नोंदले गेले. ते झोत उमटवणारे न्यूट्रिनो मोठ्या मॅगेलनी मेघातून, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका लहान दीर्घिकेतून, १ लाख ६० हजार वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आले होते. स्फोटाचा प्रकाश त्यांच्या मागून काही तासांनी पोहोचला.

तरंग पुन्हा उठलाच नाही, किंवा उडालेले बरेच द्रव्य परत खाली पडले, तर गाभ्याचे कृष्णविवर होते. एरवी मागे राहतो तो जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासाचा, अतिशय दाट असा न्यूट्रॉन तारा. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा अवशेष असलेल्या खेकडा तेजोमेघात असा तारा आजही सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो आहे. १९८७ च्या स्फोटामागे काय उरले, हे मात्र धुळीच्या पडद्याआड दडून राहिले होते. जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्या केंद्राशी इलेक्ट्रॉन गमावलेल्या अरगॉनच्या अणूंचा प्रकाश दिसला; ते इलेक्ट्रॉन तोडणारे तीव्र प्रारण न्यूट्रॉन ताऱ्याकडून येत असावे, म्हणून तिथे न्यूट्रॉन तारा असावा याचा भक्कम पुरावा २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल ३७ वर्षांनी, प्रसिद्ध झाला.