डीएसएलआर चित्रीकरणाचे संकलन

डीएसएलआर चित्रीकरणाचे संकलन : मुळात स्थिरचित्रांसाठी घडवलेल्या डिजिटल एसएलआर (लेन्समधले दृश्य आतल्या आरशाने दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यावर टिपलेले व्हिडिओ फुटेज कार्डवरून उतरवणे, त्याची छाननी करणे, वेगळ्या यंत्रावर मुद्रित केलेला आवाज त्याला जुळवणे, दृश्ये कापून जोडणे आणि शेवटी रंग सुधारून अंतिम फाइल काढणे, ही सगळी प्रक्रिया. कापण्या-जोडण्याची कला इथेही कोणत्याही चित्रपट-संकलनासारखीच असते; वेगळा असतो तो कच्चा माल. कॅमेऱ्याने व्हिडिओसाठी केलेल्या तडजोडी संकलकाच्या टेबलावर येऊन पडतात, आणि त्यांचा निकाल बहुतेक वेळा पहिला कट देण्याआधीच लावावा लागतो.

आरंभ : व्हिडिओ टिपणारा पहिला डीएसएलआर म्हणून ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेल्या निकॉन डी९० चे नाव घेतले जाते. सप्टेंबर २००८ मध्ये कॅनन ईओएस ५डी मार्क २ जाहीर झाला आणि काही लेखक या प्रकाराची सुरुवात त्याच्यापासून मोजतात. कॅमेऱ्यापुरते पाहिले तर डी९० चा मान वादातीत आहे. मात्र त्याचे चित्र १२८० × ७२० चे, सेकंदाला २४ फ्रेमचे आणि मोशन जेपेग स्वरूपातले होते. प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली (फाइल लहान व्हावी म्हणून आटवलेली) असल्याने संगणकाला ती उघडणे सोपे जाई. ५डी मार्क २ ने १९२० × १०८० चे चित्र एच.२६४ पद्धतीने दाबून दिले आणि संकलकांपुढची खरी कोडी तिथून सुरू झाली. संकलनाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

फ्रेमदराचा प्रश्न : ५डी मार्क २ आरंभी सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम टिपत असे. अमेरिकी व जपानी दूरचित्रवाणीचा प्रचलित दर २९.९७ आहे. फरक हजारात एकाचा, म्हणून तो सहज दुर्लक्षिला जाई. संकलन-प्रणाली (संकलनाचे सॉफ्टवेअर) ३० चे चित्र २९.९७ ने चालवू लागली की चित्र किंचित लांबते, पण वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज आपल्या मूळ गतीनेच जातो. पाच मिनिटांच्या मुलाखतीत हा फरक ०.३ सेकंदाचा, म्हणजे नऊ फ्रेमचा होतो. सुरुवातीला टाळी (टेकच्या आरंभी वाजवलेली पाटी) चोख जुळलेली असते. शेवटी वाक्य ऐकून होते आणि ओठ मागून हलत राहतात. तासाभरात तफावत ३.६ सेकंदांवर जाते. मार्च २०१० च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने) हा दर २९.९७ केला, त्यासोबत २३.९७६ व २५ हे दर दिले आणि ध्वनीचा नमुनादर (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घ्यायचे तो दर) ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्‌झवर नेला. त्याआधीचे फुटेज हाती आले तर टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडायची पट्टी) ३० चीच ठेवावी, किंवा सगळ्या क्लिप एकदाच २९.९७ ला बांधून आवाजही त्याच प्रमाणात संथ करावा. अर्ध्या क्लिप एका दराने आणि अर्ध्या दुसऱ्या दराने घेण्याची चूक पुढे निस्तरताना दिवसच्या दिवस जातात. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘२४’ दिसले तरी कॅनन मॉडेलांत प्रत्यक्ष दर बहुधा २३.९७६ असतो, प्रकल्पाचा दर मेनूवरून नव्हे, फाइलच्या गुणधर्मांवरून ठरवावा.

कार्ड उतरवणे : कॅनन कॅमेरे फाइलला एमव्हीआय आणि चार आकडी क्रमांक असे नाव देतात. ९९९९ नंतर क्रम पुन्हा ०००१ वर येतो, आणि दोन कॅमेरे एकाच दिवशी एकाच नावाच्या फायली सहज तयार करतात. त्या एका फोल्डरमध्ये ओतल्या की एक दुसरीवर चढते किंवा प्रणाली नंतर भलतीच क्लिप जोडते. यासाठी प्रत्येक कार्डाला तारीख, कॅमेरा आणि कार्डक्रमांक सांगणारा स्वतंत्र फोल्डर करावा, कार्डावरची मूळ रचना जशीच्या तशी उतरवावी आणि प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी. दोन्ही प्रती उघडून, आकार ताडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. या कामात घाई करणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही.

एफएटी३२ या फाइलप्रणालीमुळे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा पडे. ५डी मार्क २ वर ती साधारण १२ मिनिटांत भरे. नंतरच्या मॉडेलांत मुद्रण न थांबता फायलींचे तुकडे होऊ लागले. असे तुकडे आधी सलग जोडून घ्यावेत आणि मगच आवाज जुळवावा. अनेक कॅमेऱ्यांत असलेल्या २९ मिनिटे ५९ सेकंदांच्या मर्यादेचे कारण कोणी सेन्सर तापणे असे देतात, तर कोणी युरोपीय संघाचे जकात-वर्गीकरण, ज्यात सलग ३० मिनिटे मुद्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्यात मोडे. उष्णतेची मर्यादा नेमकी एका सेकंदाने कमी भरावी हे पटण्याजोगे नाही. दुसरे स्पष्टीकरण ग्राह्य धरावे.

रूपांतर की मूळ फाइल : एच.२६४ मध्ये अनेक फ्रेम पूर्ण साठवल्या जात नाहीत. शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच नोंदले जाते. त्यामुळे मधलीच एक फ्रेम दाखवायची तर संगणकाला आजूबाजूच्या फ्रेम उलगडाव्या लागतात आणि टाइमलाइन अडखळते. यावर उपाय म्हणून साधारण २००९ ते २०११ या काळात फुटेज प्रोरेस, डीएनएक्सएचडी किंवा सिनेफॉर्म या संकलनाला सोप्या स्वरूपांत रूपांतरित करण्याची पद्धत रूढ झाली. किंमत मोजावी लागे ती जागेची. सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट धरले तर कॅमेऱ्याची तासाभराची फाइल १८ जीबीची होते. तेच २५ फ्रेमच्या प्रोरेस ४२२ मध्ये सुमारे ५५ जीबी. रूपांतराने चित्राचा दर्जा सुधारतो असे एक मत होते. पण कॅमेऱ्याने टाकून दिलेली माहिती रूपांतराने परत येत नाही. लाभ आहे तो सुरळीत चालण्याचा आणि पुन्हापुन्हा रेंडर करताना (नवी फाइल काढताना) होणारी झीज टळण्याचा. २०१० मध्ये आलेल्या ६४-बिट प्रीमियर प्रो सीएस५ ने मूळ फाइलवर थेट काम करणे बऱ्याच अंशी शक्य केले. आता हलक्या प्रॉक्सी प्रतींवर कट करून शेवटी मूळ फायली जोडण्याचा मार्ग सर्वत्र दिसतो. प्रॉक्सीचे नाव, फ्रेमदर आणि ध्वनीच्या वाहिन्या मूळ फाइलशी तंतोतंत जुळल्या तरच ही जोडणी निभते.

आवाज : कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक संदर्भापुरता ठेवावा, पण बंद करू नये, त्याच्याच तरंगाकृतीवर रेकॉर्डरचा आवाज बसवता येतो. टाळीचा ठोका तरंगात सुईसारखा उभा दिसतो, आणि पाटीच्या दोन फळ्या भिडलेली फ्रेम त्याच्याखाली यायला हवी. टाळी माइकपासून लांब वाजली तर हिशेब चुकतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रात १४ मीटरवरचा ठोका जवळजवळ एक फ्रेम उशिरा पोहोचतो.

चित्रातील दोष : सेन्सरच्या साऱ्या ओळी न वाचता मधल्या गाळल्याने सुरुवातीच्या मॉडेलांत बारीक रेघांच्या कापडावर, कौलांवर, विटांवर रंगीत लाटा उमटत. चित्राची धार (कडांचा रेखीवपणा) वाढवली की त्या अधिकच उठून दिसतात. रंगवाहिनी तेवढ्या भागात मऊ केल्यास थोड्या दबतात. ओळी एकामागून एक वाचल्या जात असल्याने वेगाने कॅमेरा फिरवला की उभे खांब तिरके होतात. हा दोष सुधारणारी साधने आहेत, पण दुसरा टेक असेल तर तो घेणेच श्रेयस्कर.

रंग : बहुतेक जुन्या डीएसएलआरचे फुटेज ८-बिट, ४:२:० असते. प्रत्येक वाहिनीला २५६ पायऱ्या, आणि १९२० × १०८० च्या चित्रात रंगाची माहिती फक्त ९६० × ५४० ची. त्यामुळे ग्रेडिंगला (रंग सुधारण्याला) वाव तोकडा. एप्रिल २०११ मध्ये टेक्निकलर या चित्रपट-रंगाच्या कंपनीने कॅननसाठी सिनेस्टाइल ही अतिशय सपाट चित्रशैली दिली आणि अगदी फिके चित्रीकरण करण्याची लाट आली. सपाट चित्र सावल्या राखते हे खरे, पण ८-बिट फुटेज ताणले की निरभ्र आकाशात पट्टे पडतात. म्हणून कॅमेऱ्यातच रंग जवळपास योग्य घेऊन सपाटपणा बेताचा ठेवण्याचा सल्ला अधिक विश्वासार्ह वाटतो. कॅननच्या अनेक फायलींत उजेडाची पातळी ० ते २५५ अशी पूर्ण असते. प्रणालीने ती १६ ते २३५ समजून वाचली तर सावल्या काळ्याठिक्कर होतात आणि उजळ भाग जळल्यासारखा दिसतो. दोष चित्रीकरणाच्या माथी मारण्याआधी हे तपासावे. चित्रातली खरखर (ठिपक्यांचा गोंधळ) आधी कमी करावी, मग दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवावेत, धार सर्वांत शेवटी द्यावी. आणि हे सारे कट पक्का झाल्यावरच.

पुढील बदल : २०१३ मध्ये मॅजिक लँटर्न या स्वयंसेवी फर्मवेअर-जोडणीने कॅननच्या काही कॅमेऱ्यांतून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) व्हिडिओ मिळवला. २०१७ मध्ये पॅनासॉनिक जीएच५ ने कार्डावरच १०-बिट ४:२:२ (पायऱ्या आणि रंगाची माहिती दोन्ही अधिक असलेले) मुद्रण दिले. तो मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेला, आहे. पण बोलीत अशा कॅमेऱ्यांच्या फुटेजलाही सर्रास डीएसएलआर फुटेजच म्हटले जाते.