मशीन बसवायचं की नाही, आणि तोवर काय?

माझी भाची आठ महिन्यांची असताना तिला ऐकू येतं का हे बघायला तिच्या आजीने पाठीमागे बसून स्टीलची थाळी वाजवली. पोर वळून बघायला लागली आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या एका वळण्यावर पुढचं जवळपास वर्ष गेलं. हाक मारल्यावर बघत नाही, कुकरच्या शिट्टीला दचकत नाही, हे माझ्या मावसबहिणीला दिसत होतं. पण ‘हिचा बाप तरी कुठे चार वर्षांपर्यंत बोलत होता’ हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. शेवटी ‘बेरा’ नावाची तपासणी झाली तेव्हा मुलगी एकोणीस महिन्यांची होती. दोन्ही कानांत 90 डेसिबलपर्यंत काहीही प्रतिसाद नाही, असं कागदावर लिहून आलं. शेजारून मोटरसायकल गेली तरी या मुलीच्या लेखी शांतताच.

थाळीने फसवलं ते असं. थाळीवर पळी आपटली की जमीन बारीक हादरते, मारणाऱ्याचा हात हलतो, सावली सरकते. ज्या बाळाला ऐकू येत नाही त्याची त्वचा आणि डोळे या गोष्टी फार चटकन टिपतात. म्हणून थाळी, टाळी, खुळखुळा यांच्यावर विसंबणं धोक्याचं आहे. बेरा तपासणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून कानात टकटक असा आवाज सोडतात आणि श्रवणनसेतून मेंदूकडे जाणारे विद्युतसंदेश उमटतात का ते पाहतात. बाळाने वळायची, हसायची गरजच नसते. ‘ओएई’ ही त्याहून सोपी चाळणी काही मिनिटांत होते आणि जन्मल्यावर दुसऱ्या दिवशीही करता येते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू, असं वेळापत्रक जगभरातले तज्ज्ञ सांगतात. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. तरीही प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाळणी होत नाही. आपण मागितली तर अनेक ठिकाणी होते, म्हणून मागावी.

निदान झालं की आठवड्याभरात कुणीतरी ‘कॉक्लियर इम्प्लांट’ हा शब्द उच्चारतं. घरोघरी त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. हे मशीन नेमकं काय करतं ते कळल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आपल्या आतल्या कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. उलगडली तर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास भरेल. तिच्यात सूक्ष्म केसांसारखे तुरे असलेल्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. आवाजाची खरी नोंद घेणाऱ्या अशा पेशी एका कानात साधारण साडेतीन हजार. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच स्वर पकडतात आणि आत टोकाला असलेल्या पेशी खर्जातले. जन्मजात बहिरेपणात बहुतेक वेळा या पेशीच निकामी असतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पण त्यांच्या मागची श्रवणनस बऱ्याचदा शाबूत असते आणि सगळी आशा तिच्यावर आहे.

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पण आवाज टिपणाऱ्या पेशीच नसतील तर मोठा करून उपयोग काय? इम्प्लांट त्या पेशींना वगळून पुढे जातं. कानामागे अडकवलेला प्रोसेसर आवाज घेतो, त्याची उंच-खालच्या पट्ट्यांत फोड करतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेल्या चकतीमार्फत, त्वचेतून, रेडिओलहरींनी आत पाठवतो. आत हाडात बसवलेला ग्राहक तो संदेश घेऊन शंखात सरकवलेल्या केसासारख्या तारेकडे देतो. त्या तारेवर कंपनीनुसार 12 ते 22 विद्युतबिंदू असतात. उंच आवाज असेल तर तोंडाजवळचा बिंदू नसेला टोचतो, खर्जातला असेल तर आतला.

साडेतीन हजारांच्या जागी बावीस! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. वर शंखातल्या द्रवात वीज इकडेतिकडे पसरते, त्यामुळे बावीस बिंदूंचं काम बावीस वेगळ्या बिंदूंइतकंही चोख होत नाही. याच कारणाने 1970 च्या दशकात अनेक नामवंत शास्त्रज्ञ म्हणत होते की यातून बोलणं कधीच समजणार नाही. पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी 1957 साली पहिला प्रयत्न केला होता. मेलबर्नच्या ग्रॅहॅम क्लार्क यांनी 1978 मध्ये अनेक बिंदूंचं यंत्र बसवलं. त्याच सुमारास व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर हे दांपत्य हेच करत होतं. शंका घेणारे चुकले, कारण त्यांनी मेंदू हिशेबात धरला नव्हता.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. जमिनीवर नुसते ठिपके असतात, पण जिने ती रांगोळी हजारदा काढली आहे तिला ठिपक्यांतच कमळ दिसतं. मेंदू बोलण्याचं तेच करतो. 1995 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात नीट ऐकू येणाऱ्या माणसांना फक्त चार पट्ट्यांत कोंबलेलं, खरखर झालेलं बोलणं ऐकवलं, आणि थोड्या सरावाने त्यांना जवळजवळ सगळं कळलं. म्हणूनच मोठेपणी बहिरेपणा आलेला माणूस इम्प्लांटनंतर काही महिन्यांत बोलणं पुन्हा ओळखू लागतो. त्याने कमळ आधी पाहिलेलं असतं.

जन्मापासून न ऐकलेल्या बाळाने ते पाहिलेलं नसतं. त्याला ठिपक्यांवरूनच कमळ म्हणजे काय हे शिकायचं असतं, आणि असं शिकण्याची मेंदूची ताकद पहिल्या काही वर्षांत जोरात असते, मग झपाट्याने ओसरते. अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आवाजाला मेंदूकडून येणाऱ्या लहरी मोजल्या होत्या. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या लहरी काही महिन्यांत वयाला साजेशा झाल्या. सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेकांच्या झाल्या नाहीत. रिकामी राहिलेली ती जागा तोवर डोळ्यांनी आणि स्पर्शाने व्यापायला घेतलेली असते. जन्मतः बहिऱ्या, कधीच न ऐकलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मशीन बसवलं तर त्याला दारावरची थाप, हॉर्न कळेल. ‘पाणी आण’ आणि ‘काठी आण’ यांतला फरक नुसत्या कानाने कळण्याची शक्यता फार थोडी. हे त्याच्या आईवडिलांना शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगायला हवं, आणि दर वेळी ते सांगितलं जात नाही.

तेव्हा लवकर बसवा, इतकं सोपं आहे का? माझ्या मते ज्या घरात सगळे ऐकणारे आहेत, बाळाला श्रवणयंत्राचा फायदा होत नाही आणि एमआरआयमध्ये श्रवणनस दिसते आहे, तिथे इम्प्लांटचा विचार गांभीर्याने आणि वेळ न दवडता करावा. मेंदूज्वराने ऐकू येणं गेलं असेल तर घाई आणखी मोठी, कारण त्या आजारानंतर शंखात हाड भरू लागतं आणि तार आत जायला जागाच उरत नाही. काही मुलांत श्रवणनसच नसते किंवा फार बारीक असते. तिथे या मशीनचा उपयोग होत नाही किंवा फारच कमी होतो, मग जाहिरात काहीही म्हणो.

पण शस्त्रक्रिया हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. दोन-तीन तासांत ती आटोपते. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी ‘स्विच ऑन’ होतं आणि त्या दिवशी मूल ‘आई’ म्हणत नाही, बहुधा रडतं. मग मॅपिंगच्या फेऱ्या सुरू होतात, म्हणजे कोणत्या बिंदूला किती वीज द्यायची हे त्या मुलाच्या प्रतिसादावरून जुळवत राहणं. आठवड्याला स्पीच थेरपी. घरी दिवसभर बोलणं, दाखवणं, पुन्हा बोलणं. माझी बहीण नोकरी सोडून हे करू शकली. गडचिरोलीतल्या एखाद्या गावातून दर पंधरवड्याला नागपूर गाठायचं तर रोजगार बुडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर येणं थांबतं. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत 2014 पासून गरजू घरांतल्या मुलांना इम्प्लांट मिळतं आणि त्याचा कारभार मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडून चालतो. जन्मजात बहिऱ्या मुलांसाठी तिथे वयाची मर्यादा पाच वर्षं आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र वॉरंटी संपल्यावर तुटलेली केबल, खराब झालेली कॉईल (म्हणजे डोक्याला चिकटणारी ती चकती), काही वर्षांनी जुना होणारा प्रोसेसर यांचा खर्च कुणी करायचा, हे आधीच विचारून घ्यावं. आतला भाग दशकानुदशकं टिकतो, बाहेरचा नाही. प्रोसेसर बंद पडला की मूल त्या क्षणी पूर्ण बहिरं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. भाचीचं स्विच ऑन झालं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. तिच्या आईला एका ठिकाणी ठणकावून सांगितलं होतं, ‘हाताने खुणा करायच्या नाहीत. केल्यात तर ती कधीच बोलणार नाही.’ निदानापासून स्विच ऑनपर्यंतच्या अकरा महिन्यांत त्या मुलीशी कुणी कुठल्याच भाषेत बोललं नाही. भूक लागली तर ती ओट्याजवळ जाऊन किंचाळायची. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण सल्ला चुकीचा होता आणि त्याचा मला आजही राग येतो.

या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. 1880 मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. प्रतिनिधी जवळपास सगळे ऐकू येणारे होते, आणि त्यांनी शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून फक्त बोलायला शिकवायचं ठरवलं. आपल्याकडच्या कर्णबधिर शाळांतही हीच पद्धत रुजली. वर्गात हात बांधलेले, मधल्या सुट्टीत मैदानावर मात्र भराभर चालणाऱ्या हातांनी गप्पा. ओठ वाचणं किती अपुरं असतं ते आरशासमोर उभं राहून आवाज न करता ‘पार, बार, मार’ म्हणून बघा. तिन्ही एकसारखे दिसतात. 2010 साली व्हँकुव्हरला त्याच परंपरेतल्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या 130 वर्षांत किती मुलं भाषेविना वाढली असतील, याचा विचार करवत नाही.

सांकेतिक भाषा म्हणजे मूकाभिनय नव्हे. निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या शेवटी कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली आणि एकत्र आलेल्या मुलांनी कुणी न शिकवता, पिढीगणिक व्याकरण घट्ट होत गेलेली स्वतःची भाषा घडवली. भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचं व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. ‘तुझं नाव काय’ विचारणाऱ्या मराठी माणसाला ते परकं वाटू नये. दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राने तयार केलेल्या तिच्या शब्दकोशात 2021 पर्यंत 10,000 शब्द झाले होते. खुणा करणाऱ्या घरातली बाळं आपल्या बाळांच्या ‘बा-बा-बा’च्या वयात हातांनी बोबडं बोलतात.

आणि खुणांमुळे बोलणं अडतं का? 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात कर्णबधिर आईवडिलांची, जन्मापासून खुणांत वाढलेली आणि मग इम्प्लांट झालेली मुलं पाहिली गेली. संख्या लहान होती, पण त्यांचं बोली इंग्रजी खुणा जाणणाऱ्या ऐकत्या मुलांच्या तोडीचं निघालं. याउलट निष्कर्ष काढणारे अभ्यासही आहेत आणि वाद मिटलेला नाही. मात्र त्यांतल्या बऱ्याच घरांत आईवडिलांनाच चार-दोन खुणा येत होत्या, आणि तेवढ्याला भाषा म्हणता येत नाही. मोडकीतोडकी भाषा कुठलीही असो, मुलाला पुरत नाही. आपल्याकडची अडचणही इथेच आहे. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ऐकत्या घरांत जन्मतात, आणि तिथे खुणा कुणालाच येत नाहीत. शिकायला वर्ग शोधावे लागतात, आपल्या शहरातल्या कर्णबधिर मंडळींकडे जावं लागतं.

त्यांच्याकडे गेलं की आणखी एक बाजू कळते. इम्प्लांटला पहिला मोठा विरोध कर्णबधिरांनीच केला. 1990 मध्ये अमेरिकेत मुलांसाठी मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेने निषेध नोंदवला. ज्याला मत देता येत नाही त्या बाळाच्या डोक्यात तुम्ही, आम्हाला न विचारता, काय घालता आहात, असा त्यांचा सवाल होता. 2000 साली भूमिका मवाळ झाली, पण सवाल खोटा ठरला नाही. इम्प्लांट झालेलं मूल ऐकणारं होत नाही, ते मशीन घातलेलं कर्णबधिर मूल असतं. शांत खोलीत समोरासमोर छान बोलेल. पंख्यांची घरघर आणि साठ मुलांचा कलकलाट असलेल्या वर्गात हरवेल. सूर त्याला धूसर ऐकू येतील. त्याला आपल्यासारख्या इतरांची गरज पडेल.

2024 च्या सुरुवातीला चीनमधून बातमी आली की ओटीओएफ या एका जनुकातल्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या सहा मुलांपैकी पाचांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागलं. आनंदाची बातमी आहे, पण हा दोष विरळा. आज निदान झालेल्या मुलाच्या आईवडिलांनी त्यासाठी थांबून राहू नये.

भाची आता नऊ वर्षांची आहे. नेहमीच्या मराठी शाळेत जाते, पहिल्या बाकावर बसते, ‘स’ आणि ‘श’ची गल्लत करते. ती पाच वर्षांची असताना बहिणीने एका कर्णबधिर ताईंकडे रविवारी खुणा शिकायला सुरुवात केली, सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या सासूबाईंना सोबत घेऊन. रात्री झोपताना मशीन काढून ओल शोषणाऱ्या डबीत ठेवतात. मग दिवा चालू ठेवून आजी तिला गोष्ट सांगते, हातांनी. परवा मी गेलो होतो तेव्हा आजीचा वाघ कोल्ह्यासारखा दिसत होता, आणि भाची तिचे हात धरून तिला वाघाची बोटं दुरुस्त करून देत होती.