हॉलसाठी टीव्ही किती इंची? आधी सोफ्यापासूनचं अंतर मोजा

सेल लागला की सगळीकडे एकच प्रश्न, ४३ घेऊ का ५५, आणि शोरूममध्ये जाऊन बघितलं की गोंधळ अजूनच वाढतो कारण तिथे जागा प्रशस्त, शेजारी ७५ आणि ८५ इंची लावलेले, त्यात ५५ वाला एवढुसा दिसतो आणि तोच घरी आणला की अर्धी भिंत खातो. डोळ्याला इंच कळतच नाहीत, त्याला कळतो कोन, म्हणजे स्क्रीनच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती अंश होतात तेवढंच.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हॉल बऱ्याचदा १० फूट रुंद असतो, सोफा एका भिंतीला टेकवलेला, टीव्ही समोरच्या भिंतीवर, म्हणजे डोळ्यापासून स्क्रीन साधारण ८ फूट. एवढ्या अंतरावरून ३२ इंची स्क्रीन जेमतेम १६-१७ अंश भरते, ४३ इंची २२, ५५ इंची २८ आणि ६५ इंची ३३. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर पुढच्या पिढीच्या टीव्हीवर संशोधन सुरू केलं, त्यातूनच एचडी पुढे आलं, आणि त्यांनी धरलेला कोन होता साधारण ३० अंश, कारण तेवढी नजर भरली की आपण तिथेच बसून बघतोय असं वाटायला लागतं. घरी तपासायला सोप्पं आहे. हात सरळ पुढे ताणून मूठ धरा, ती मूठ साधारण १० अंशांची असते, तर सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीवर शेजारी-शेजारी तीन मुठी जिथपर्यंत जातात तेवढी स्क्रीनची रुंदी. आणि हो, इंच हे तिरकं माप असतं, ५५ इंचीची खरी रुंदी १२२ सेंमी आणि उंची ६८-६९ सेंमी, तेव्हा भिंतीवर पेपर चिकटवून बघायचा असेल तर ही मापं घ्या.

आता फोरकेचं, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या स्क्रीनचं. चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक दिसतं, त्याहून लहान ठिपके एकमेकांत मिसळून जातात. ४३ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा, तो साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगळा दिसतच नाही. म्हणजे ८ फुटांवर ४३ इंचीत फोरकेसाठी जास्त पैसे मोजून डोळ्याला काहीच जास्त मिळत नाही (रंग आणि ब्राइटनेस चांगला असू शकतो, पण तो वेगळा मुद्दा). ५५ मध्येसुद्धा फोरकेचा खरा फायदा ७ फुटांच्या आत बसलात तरच, आणि ६५ ला ८ फुटांवर थोडाफार.

पण घरात दिवसभर काय चालू असतं ते बघा. आई-बाबा सेट टॉप बॉक्सवर साध्या एसडी चॅनलवर मालिका बघत असतील तर त्या चित्रात उभ्या दिशेने फक्त ५७६ रेषा असतात, त्या ५५ इंचीवर ताणल्या की चित्र नीट बसायला १३ फूट लांब जावं लागेल, हॉलमध्ये एवढी जागा कोणाकडे आहे! ४३ ला तेच अंतर साडेदहा फूट. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, मॅच आणि सिनेमे एचडीत किंवा ओटीटीवर बघणारं घर असेल तर ८ फुटांना ५५ बिनधास्त घ्या, पण एसडी चॅनल जास्त चालत असतील तर ४३ वर थांबा किंवा आधी पॅक एचडीचा करून घ्या. बेडरूममध्ये पलंगापासून ५ फूटच अंतर असेल तर ४० च्या आसपास भरपूर झालं.

उंचीकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही. इन्स्टॉलेशनवाला उभा राहून ड्रिल मारतो आणि टीव्ही त्याच्या डोळ्यासमोर जातो, आपण मात्र बसून बघणार, मग मान दुखते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात, स्क्रीनचा मध्य तिथे आला पाहिजे, आणि घरात रात्रीची जेवणं खाली बसून टीव्हीसमोर होत असतील तर अजून थोडा खाली घ्या, इन्स्टॉलेशनवाल्याला आधीच पेन्सिलीने खूण करून द्या.