ताप नाही, पण श्वास मोजला का?

"आईला ताप कुठंय? मग न्यूमोनिया कसा?" पावसाळ्यात दादर-परळच्या दवाखान्यांत हे हमखास ऐकू येतं. पण सत्तरीपुढे ताप चढेलच असं नाही, खोकलाही जेमतेम असतो. म्हातारं माणूस जेवत नाही, गुंगीत राहतं, पोटच्या पोरालाच "तू कोण?" विचारतं. घरचे म्हणतात, वय झालं.

न्यूमोनियाची तीव्रता ठरवायला डॉक्टरांकडे २००३ पासून 'कर्ब-६५' हा हिशेब आहे. नव्याने सुरू झालेली असंबद्ध बडबड, रक्तातलं युरिया दर डेसिलिटरला साधारण ४२ मिलिग्रॅमच्या वर, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा खालचं ६० वा कमी, वय ६५ वा जास्त. प्रत्येकाला एक गुण. शून्य-एकला बहुधा घरी उपचार, दोनला ॲडमिट करण्याचा विचार, तीन किंवा जास्त म्हणजे प्रकरण गंभीर. अर्थात अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

यातला माझा लाडका गुण श्वासांचा. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांच्या भिंतींत, केशवाहिन्यांना खेटून, 'जे रिसेप्टर' नावाची चेतातंतूंची टोकं असतात. ती आपल्याच भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी शोधली. सुजेमुळे तिथे पाणी साचलं की ती चाळवतात, व्हेगस नसेतून मेंदूला निरोप जातो आणि श्वास उथळ, भराभर होतो. आता गणित बघा. एका श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते, पैकी सुमारे १५० श्वासनलिकांतच अडकते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. १५ श्वासांत कामाची हवा ३५० गुणिले १५, म्हणजे सव्वापाच लिटर. तेच २५० मिलिलिटरचे ३० उथळ श्वास घेतले, तर एकूण हवा तेवढीच, साडेसात लिटर. पण कामाची फक्त तीन! धाप दुप्पट, कमाई जवळपास निम्मी. त्यात पाणी भरलेल्या कोशांजवळून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच परततं, ते वेगळंच.

"दहा सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुसं ठणठणीत" हा कोरोनाकाळातला व्हॉट्सॲपी मंत्र मात्र निव्वळ थाप.

श्वास मोजतोय हे सांगू नका, सांगितलं की माणूस तो बदलतो. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा, नजर पोटावर ठेवा आणि पूर्ण मिनिटभर मोजा. एरवी १२ ते २० भरतात. घरी ३० ची वाट बघत बसू नका. रुग्णाची प्रकृती ढासळतेय का हे हेरणारी ब्रिटनच्या रुग्णालयांतली 'न्यूज' गुणपद्धत २५ लाच पूर्ण तीन गुण देऊन डॉक्टरांना तातडीने बोलावते.