आवारातील झाड काढण्यापूर्वी : पुणे शहरातील आमच्या ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा जवळ आला की बहुतेक सोसायट्यांकडून आमच्याकडे एकच विचारणा येते : कुंपणाच्या भिंतीला लागलेले झाड याच आठवड्यात काढून द्याल का? महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांचे लेखी परवानगीपत्र हाती आल्याशिवाय आमचे कामगार झाडाला करवत लावत नाहीत, आणि हा नियम आम्ही कोणत्याही ग्राहकासाठी शिथिल करत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे. त्यामुळे जागा आपली असली, झाड आपल्याच आजोबांनी लावलेले असले, तरी परवानगी घ्यावीच लागते. मोठ्या फांद्यांच्या छाटणीसाठीही ती आधीच घ्यावी. विनापरवाना तोडीसाठी दंडाबरोबर कारावासाचीही तरतूद आहे.

अर्ज उद्यान विभागाकडे केल्यावर झाडाची पाहणी होते, झाडावर नोटीस लावली जाते आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस धावपळ करण्यापेक्षा हिवाळ्यातच अर्ज करावा.

2021 च्या दुरुस्तीने झाडाच्या वयाला फार महत्त्व आले. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड आता ‘वारसा वृक्ष’ मानले जाते, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे भरपाई म्हणून लावावी लागतात. चाळीस वर्षांचा एक विलायती शिरीष काढायचा, तर चाळीस रोपे. एवढी जागा कोणत्या सोसायटीच्या आवारात असते? जागाच नसेल, तर झाडाच्या मूल्यांकनानुसार भरपाईची रक्कम भरण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण आमच्या मते त्याआधी झाड वाचवता येते का, हे पाहावे. आम्ही पाहिलेल्या कितीतरी ‘धोकादायक’ झाडांचा खरा दोष एवढाच होता, की बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले होते, किंवा एकाच बाजूच्या फांद्या वर्षानुवर्षे तोडून झाडाचा तोल घालवला होता. बुंध्याभोवतीची माती मोकळी केली आणि जाणकाराकडून समतोल छाटणी करून घेतली, तर अशी झाडे पुढेही उभी राहतात.

भरपाईची रोपे किमान सहा ते आठ फूट उंचीची असावी लागतात, त्यांची ठिकाणे जिओ-टॅगिंगने नोंदवली जातात आणि सात वर्षे त्यांची निगा राखणे बंधनकारक आहे. म्हणूनच आमच्या अंदाजपत्रकात खड्डा, माती आणि बांबूचा आधार यांबरोबर पहिल्या उन्हाळ्यांतील पाण्याचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. रोप लावणे सोपे असते, ते एप्रिल-मेमध्ये जगवणे कठीण. ऐसपैस जागेसाठी आम्ही कडुनिंब व करंज, तर इमारतींमधील अरुंद पट्ट्यासाठी बहावा किंवा ताम्हण सुचवतो.

पाहणीसाठी बोलावताना मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा ठराव, आणि झाड केव्हा लावले हे सांगू शकणारे जुने रहिवासी किंवा जुने छायाचित्र उपलब्ध असेल, असे पाहावे. वयाचा प्रश्न त्यामुळे पहिल्याच भेटीत बराचसा सुटतो.